बर्फावरची इर्जिक

तंजावूर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून काही कोसांवर तिरुप्पनंदाळ नावाचे गाव आहे. कावेरी आणि कोळ्ळिडम या नद्यांमधील हा सुपीक पट्टा. भोवताली भाताची खाचरे, पाटाचे पाणी आणि ताडाची उंच झाडे. गावाच्या नावातील ‘पनै’ हा शब्दही ताडाचाच वाचक आहे. येथे हिवाळा म्हणजे पहाटेचा थोडासा गारवा. दिवस वर आला की अंगावरचे उपरणेही जड वाटू लागते. बर्फ या गावाने पाहिला असेल तो सरबताच्या गाडीवर किंवा मासळीच्या पेटीत. हिमक्रीडांच्या स्वयंसेवकांविषयीचा विचार अशा गावापासून सुरू करावा, हे वरवर विचित्र वाटेल. परंतु दूर जाऊन, वेतन न घेता परक्यांच्या उपयोगी पडण्याविषयी या गावाच्या संग्रही दोन गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही आजच्या प्रश्नाला नेमक्या भिडतात.

पहिली गोष्ट येथील अरुणजटेश्वराच्या मंदिराची. स्थलपुराण असे सांगते की, ताटकै नावाची एक भक्त स्त्री देवाला माळ घालीत असता तिचे वस्त्र सुटू लागले. हात गुंतलेले असल्यामुळे तिची अडचण झाली. तेव्हा देवानेच मान झुकवून माळ स्वीकारली आणि शिवलिंग तसेच कललेले राहिले. ते सरळ करण्यासाठी चोळ राजाने हत्ती जुंपले, पण लिंग हलले नाही. पुढे तिरुक्कडवूर येथील कुंगिलिय कलय नायनार तेथे आले. त्यांनी दोराचे एक टोक लिंगाला व दुसरे स्वतःच्या गळ्यात बांधून ओढले, आणि लिंग सरळ झाले. ही कथा बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणम्’ या तमिळ ग्रंथात येते. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कथेतील माणूस ध्यानात राहतो. तो त्या गावचा नव्हता. राजाने त्याला नेमले नव्हते. हे काम त्याच्या सरावाचेही नव्हते, कारण त्याची नित्याची सेवा म्हणजे देवापुढे गुग्गुळाचा धूप जाळणे. लोक अडले आहेत असे त्याने पाहिले आणि तो दोराला लागला.

दुसरी गोष्ट इतिहासाच्या अधिक जवळची आहे. सतराव्या शतकात कुमरगुरुपरर हे तमिळ संतकवी दक्षिणेतून काशीला गेले आणि तेथे केदारघाटाजवळ त्यांनी मठ स्थापन केला. परंपरा सांगते की, तेथील मोगल सत्ताधीशांशी बोलता यावे म्हणून त्यांनी हिंदुस्थानी भाषा आत्मसात केली आणि त्यासाठी सरस्वतीची आळवणी करणारी ‘सकलकलावल्लिमालै’ ही रचना केली. परमुलखात काही काम करावयाचे तर आधी तेथील भाषा शिकली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या शिष्यपरंपरेने आपले मुख्य ठाणे तिरुप्पनंदाळ येथे आणले. काशीमठ या नावाने तो मठ आजही तेथे आहे. गंगेच्या काठचे धर्मकार्य आणि कावेरीकाठच्या जमिनींचे उत्पन्न यांची सांगड या परंपरेने घातली. मराठी वाचकाला या प्रदेशातील अशी व्यवस्था अपरिचित वाटू नये. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसले घराण्याचे राज्य होते, आणि रामेश्वराच्या वाटेवर या राजांनी उभारलेल्या छत्रांतून वाटसरूंना अन्न व आसरा मिळत असे. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे बांधलेले मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. सेवा मनाच्या उमाळ्यावर सुरू होते हे खरे. ती वर्षानुवर्षे चालते ती मात्र कोठाराच्या आधारावर, हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते.

आज दूर जाऊन विनावेतन राबणाऱ्या माणसांचे मोठे समुदाय दिसतात ते आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने. त्यांतही हिवाळी स्पर्धांचे स्वरूप आगळे आहे. उन्हाळी स्पर्धा बहुधा मोठ्या शहरांत होतात. हिवाळी स्पर्धांना डोंगर हवा, उतार हवा, हिम हवे. आणि जेथे या तिन्ही गोष्टी असतात तेथे मनुष्यवस्ती विरळ असते. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे झाल्या. त्या गावाची वस्ती तीन हजारांच्याही आत, म्हणजे तिरुप्पनंदाळपेक्षा कितीतरी कमी होती. एवढ्याशा गावाने साऱ्या जगाचा पाहुणचार कसा करावा? ६,००० हून अधिक स्वयंसेवक तेथे कामाला लागले. ऑलिंपिकमध्ये नावे नोंदवून, रीतसर योजना करून स्वयंसेवक घेण्याची प्रथा येथूनच रुजली असे मानले जाते. पुढे १९९४ मध्ये नॉर्वेतील लिलेहॅमर येथे ९,००० च्या आसपास, तर १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथे ३२,००० हून अधिक स्वयंसेवक होते. नागानोच्या शाळांनी आणखी एक सुंदर गोष्ट केली. एकेका शाळेने एकेक देश निवडला, त्या देशाची माहिती मिळवली आणि तेथून आलेल्या खेळाडूंचे स्वागत केले. त्या स्पर्धांत भारताचा एकच खेळाडू होता, शिव केशवन हा सोळा वर्षांचा मुलगा. ल्यूज नावाच्या घसरगाडीवर तो बर्फाच्या नळीतून उताणा घसरत गेला. ज्याच्या मागे स्वतःचा मोठा चमू नसतो, अशा खेळाडूला परक्या गावातील एखादा वाट दाखवणारा माणूसही किती मोलाचा असतो, हे निराळे सांगावयास नको.

हे स्वयंसेवक नेमके करतात तरी काय? दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वाऱ्याच्या वेगाने उतरणारा स्कीपटू दिसतो. त्याच्या आधी त्या उतारावर काय घडून गेले हे दिसत नाही. रात्री नवे हिम पडले तर ते मऊ असते, आणि मऊ हिमावर वेगाने येणारा खेळाडू रुतून कोसळू शकतो. म्हणून पहाटेच माणसे उतारावर जातात आणि पायांतील स्की आडव्या धरून वरचा भुसभुशीत थर खरवडत खाली सरकतात. काही जण हिम पायांनी तुडवून घट्ट करतात. शेतकऱ्याने खळे चोपावे तसाच हा प्रकार. कडेची संरक्षक जाळी कोठे सैल झाली असेल तर ती ताणून बांधावी लागते. उतारावर काठ्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात, त्यांना ‘गेट’ म्हणतात. प्रत्येक खेळाडू प्रत्येक गेटमधून नियमाप्रमाणे गेला की नाही, हे पाहणारा माणूस तेथे तासन् तास उभा असतो. त्याच्या हाती एक कार्ड आणि पेन्सिल. खेळाडू त्याच्यासमोरून जातो तो एका निमिषात, आणि तेवढ्यात पाहिलेले त्याला अचूक टिपावे लागते. पुढे तक्रार झाली तर पंच त्याला बोलावून विचारतात. एखाद्याची चार वर्षांची तपश्चर्या या बिनपगारी माणसाच्या नजरेवर तोलली जाते!

अर्थात ज्याने जन्मात हिम पाहिले नाही त्याला कोणी उतारावर उभे करीत नाही, आणि करूही नये. त्याच्या वाट्याला येते ते खालचे काम. प्रेक्षकांना रांगेत लावणे, बसगाड्यांच्या थांब्यावर वाट दाखवणे, भोजनगृहात वाढणे, हरवलेले मूल पालकांपर्यंत पोहोचवणे, दोन भाषांमधील दुवा होणे. यात हलके काही नाही. उलट थंडी या उभ्या राहणाऱ्यांनाच अधिक छळते. चालणाऱ्याचे अंग तापते, उभ्या असलेल्याचे पाय मात्र बुटातल्या बुटात बधिर होत जातात. उणे दहा-पंधरा अंशांत उघड्या हाताने लोखंडी कठडा धरता येत नाही. भ्रमणध्वनीची बॅटरी पाहता पाहता उतरते. घामाने आतला कपडा ओला झाला तर तो वाळत नाही, आणि तोच पुढे घातक ठरतो. म्हणून एक जाड कोट घालण्यापेक्षा अंगालगत घाम बाहेर टाकणारा, त्यावर लोकरीचा आणि सर्वांत वर वारा अडवणारा असे तीन थर घालावेत, हा तेथील पहिला पाठ. तिरुप्पनंदाळच्या किंवा सोलापूरच्या माणसाला तो नव्यानेच शिकावा लागतो.

यासाठी परदेशीच जावे लागते असेही नाही. २०२० पासून आपल्याकडे ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा भरू लागल्या. बर्फाच्या गोठलेल्या पृष्ठावरील खेळ बहुधा लेह येथे, तर स्कीइंगसारखे उतारावरचे खेळ काश्मीरमधील गुलमर्ग येथे होतात. २०२५ मध्ये गुलमर्गचे खेळ फेब्रुवारीत ठरले होते, पण पुरेसे हिमच पडले नाही म्हणून ते मार्चमध्ये घ्यावे लागले. निसर्गाच्या बदलत्या लहरीचा हा अनुभव इतरांनाही आला आहे. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरजवळच्या एका डोंगरावर मालमोटारी व हेलिकॉप्टरांनी हिम वाहून आणावे लागले होते. लेहच्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्र आणि तमिळनाडू या दोन्ही उष्ण प्रदेशांच्या खेळाडूंनी पदके मिळवली आहेत. जेथे खेळाडू पोहोचले तेथे स्वयंसेवकही पोहोचू शकतो. मात्र कुंभकोणम ते गुलमर्ग हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. लेह तर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले. मैदानातून तेथे विमानाने थेट उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस स्वस्थ विश्रांती घ्यावी लागते. विरळ हवेत उगाच पराक्रम दाखवणाऱ्याला डोकेदुखी आणि धाप लागून स्वतःच रुग्ण व्हावे लागते. मदतीला गेलेला माणूसच मदतीचा विषय झाला, तर ते कोणाच्याच हिताचे नाही.

येथवर सारे गोड वाटते. परंतु एक प्रश्न टाळता येणार नाही. या स्पर्धा म्हणजे गावची जत्रा नव्हे. त्यांत अपार पैसा आहे. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कंपनीने २०३२ पर्यंतच्या ऑलिंपिक प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी ७६५ कोटी डॉलर देण्याचा करार २०१४ मध्ये केला होता. जेथे अधिकाऱ्यांना वेतन आहे, कंत्राटदारांना नफा आहे, जाहिरातदारांना प्रसिद्धी आहे, तेथे बसथांब्यावर कुडकुडत उभ्या असणाऱ्यानेच तेवढे फुकट का राबावे? मराठीत विनावेतन कामाला दोन शब्द आहेत. एक सेवा, दुसरा वेठ. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत घाम गळतो आणि दाम मिळत नाही. मग त्यांतील रेघ कोठे ओढावयाची?

सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की, जे स्वेच्छेने केले ती सेवा आणि जे जबरीने करवून घेतले ती वेठ. हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. स्वेच्छेने आलेल्या माणसालाही वेठीस धरता येते, हे कोणत्याही मोठ्या समारंभात राबलेल्याला ठाऊक असते. येथे आपल्या शेतकऱ्यांची एक जुनी चाल उपयोगी पडते. तिला इर्जिक म्हणतात. एखाद्याची नांगरट किंवा कापणी मागे पडली की, गावातील माणसे आपापली औते आणि विळे घेऊन त्याच्या शेतात उतरतात. मजुरी कोणी मागत नाही, परंतु त्या दिवशीचे जेवण त्या शेतकऱ्याने घालावयाचे असते, तेही हात न आखडता. राबणाऱ्यांना उपाशी ठेवणाऱ्याच्या शेतावर पुन्हा इर्जिक कोण जमवील? नॉर्वेतही अशाच सामुदायिक श्रमाची रीत आहे. तिला तेथे ‘डुग्नाड’ म्हणतात. लिलेहॅमरच्या स्पर्धांचे कौतुक करताना या रीतीचा उल्लेख अनेकदा केला जातो. हजारो कोसांच्या अंतरावरील दोन शेतकरी समाजांना एकच गोष्ट सुचली होती. ज्याचे काम त्याने करणाऱ्याची काळजी वाहावयाची. वेतन नसले तरी चालते, यजमानपण नसून चालत नाही.

ही कसोटी लावली की अनेक गोष्टी स्पष्ट होतात. २०१० मध्ये दिल्ली येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा निवड झालेल्यांपैकी हजारो स्वयंसेवक ऐनवेळी कामावर आले नाहीत. त्यांच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का मारणे सोपे होते आणि तो मारलाही गेला. पण जेवणाखाण्याच्या व व्यवस्थेच्या ज्या तक्रारी त्या दिवसांत वर्तमानपत्रांत येत होत्या, त्यांचा विचार केला तर दोष एकाच बाजूचा होता असे म्हणवत नाही. २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी स्पर्धा साथीच्या काळात झाल्या. तेथील १८,००० हून अधिक स्वयंसेवकांपैकी जे बंदिस्त आवारात काम करीत होते, त्यांना चिनी नववर्षाच्या सणालाही घरी जाता आले नाही, आणि स्पर्धा संपल्यावर पुन्हा विलगीकरणात राहावे लागले. दिवाळीत घराबाहेर अडकलेल्या मराठी माणसाला या त्यागाचे वजन कळेल. अशा वेळी समारोपाच्या भाषणात दोन शब्दांचे आभार मानणे हे फारच स्वस्तातले यजमानपण झाले.

थंड प्रदेशात तर हा प्रश्न मानापमानाचा राहत नाही, देहाचा होतो. उन्हाळी स्पर्धेत स्वयंसेवकाची बस तासभर उशिरा आली तर तो कंटाळतो, हिमप्रदेशात त्याला हिमदंश होऊ शकतो. त्यामुळे उबदार गणवेश, गरम जेवण, दर काही वेळाने शेकायला मिळेल अशी जागा, पाळीपाळीने विसावा, निवारा आणि अपघाताचा विमा या गोष्टी आयोजकांनी उपकार म्हणून देण्याच्या नाहीत. त्या देता येत नसतील तर स्वयंसेवक बोलावूच नयेत. आणखी एक पथ्य आहे, तेही कठोरपणे पाळले पाहिजे. ज्या कामावर स्थानिक मजुराची चूल पेटते, ते काम फुकट करणाऱ्याला देऊ नये. गुलमर्गच्या रस्त्यावरील हिम फावड्याने उपसणारा मजूर तेथील थोड्या महिन्यांच्या मिळकतीवर वर्ष काढत असेल, तर हौशी पाहुण्याने त्याच्या हातचे फावडे घेण्यात पुण्य कसले?

दुसऱ्या बाजूनेही आक्षेप येतो. सेवाच करावयाची तर घराशेजारी काय कमी आहे? त्यासाठी हिमालयापर्यंत किंवा आल्प्सपर्यंत कशाला जावे? या आक्षेपात तथ्य आहे. रंगीत कोट घालून बर्फात छायाचित्र काढून घ्यावे, एवढ्याच ओढीने जाणारेही असतात, आणि त्यांना ओळखण्यास फार वेळ लागत नाही. पहिल्या दोन दिवसांतच त्यांना कामाच्या जागेपेक्षा उपाहारगृहाची वाट अधिक पाठ होते. तथापि दूर जाण्यात एक असा लाभ आहे जो घराशेजारी मिळत नाही. आपल्या गावात मदत करणारा माणूस नेहमी जाणत्याच्या जागी असतो. त्याला रस्ते ठाऊक, भाषा ठाऊक, माणसे ठाऊक. परक्या हिमप्रदेशात तोच माणूस अजाण होतो. बूट कसे बांधावेत येथपासून त्याला विचारावे लागते. दुसऱ्याला वाट दाखवण्याआधी ती स्वतः दहादा चुकावी लागते. ज्याला मदत करावयाची त्याचीच मदत घेतल्यावाचून त्याचा दिवस सरत नाही. पन्नाशीतल्या माणसाने विशीतल्या स्थानिक मुलीकडून बर्फावर पाऊल कसे टाकावे हे शिकावे, तेही तोल जाऊन चारचौघांत बसकण मारल्यानंतर, यात जो सलोखा जन्मतो तो भाषणांनी निर्माण होत नाही. प्रौढ वयात पुन्हा पाटी-पुस्तक हाती घेतलेल्यांना हा अनुभव अनोळखी नसेल. कुमरगुरुपररांसारखा विद्वानही काशीत नवी भाषा शिकताना कधीतरी अडखळलाच असेल.

मग या लाभाचे दार कोणासाठी उघडे आहे? खरी बोच येथे आहे. हिवाळी ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत निवड झालेल्या स्वयंसेवकाला गणवेश, कामाच्या वेळचे जेवण आणि स्थानिक प्रवास मिळतो. परंतु आपल्या गावापासून स्पर्धेच्या ठिकाणापर्यंतचा प्रवासखर्च सामान्यतः त्याने स्वतःच करावयाचा असतो, आणि अनेकदा राहण्याची सोयही त्यानेच पाहावयाची असते. महिनाभराची मजुरी बुडवून, वर विमानाचे भाडे भरून सेवा करणे कितीजणांना परवडेल? परिणामी सेवेची संधी हीच सधनांची मिरास होऊन बसते, आणि पुढे नोकरीच्या अर्जाला जोडावयाचे प्रमाणपत्रही त्यांनाच मिळते. ज्याच्या अंगी कष्टाची सवय आहे, थंडीवाऱ्यात उभे राहण्याची चिकाटी आहे, तो घरीच राहतो. जुन्या छत्रांच्या दारात वाटसरूची ऐपत विचारली जात नव्हती. काशीमठाने कावेरीच्या पाण्यावर पिकलेल्या धान्याच्या आधारे गंगेकाठचे कार्य चालवले. तशी तरतूद आजच्या राज्य क्रीडाखात्यांना, विद्यापीठांना किंवा सधन क्रीडासंघटनांना अशक्य आहे असे कोण म्हणेल? एका राज्याने दरवर्षी पंचवीस तरुणांचे लेहपर्यंतचे भाडे, गरम कपडे आणि बुडालेली मजुरी एवढा भार उचलला, तर तो खर्च उद्घाटनाच्या आतषबाजीपुढे नगण्य ठरेल.

तोपर्यंत निदान एवढे तरी व्हावे. स्वयंसेवकांसाठी काढल्या जाणाऱ्या अर्जाच्या पहिल्याच पानावर सेवेची थोरवी छापण्याऐवजी साधी माहिती ठळक अक्षरांत द्यावी : काम किती तासांचे, उभे राहून की चालून, तेथील थंडी किती अंशांची, अन्न कोण देणार, निजावयाचे कोठे, आजारी पडल्यास औषधपाणी कोणाचे आणि परतीचे भाडे कोणाच्या खिशातून. हे वाचूनही जो नाव नोंदवील तो डोळे उघडे ठेवून आलेला असेल, आणि त्याला काय देण्याचे कबूल केले होते हे यजमानाच्याही सहीनिशी कागदावर राहील.